कॉर्डलेस पेंट स्प्रेअर घेऊ का? घरासाठी कुठला आणि धंद्यासाठी कुठला

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. वन बीएचके घर आहे, गणपतीच्या आधी रंगवून घ्यायचंय, सेलमध्ये एक कॉर्डलेस पेंट स्प्रेअर दिसलाय, वर ‘४८ व्हीएफ’ लिहिलंय, दोन बॅटऱ्या आणि चार नोजल. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू, रंगाऱ्याचे पैसे वाचतील. धाकटा भाऊ नुकताच पेंटिंगची बारीकसारीक कामं घ्यायला लागलाय, तो म्हणतो ताई थांब, अर्धे अर्धे पैसे घालू आणि भारीतलं घेऊ, तुझं घरही होईल आणि माझा धंदाही. भिंती, दोन दरवाजे, खिडक्यांच्या ग्रील, एक जुनं लोखंडी कपाट आणि आईची वेताची खुर्ची एवढं काम आहे, तर कुठलं घेऊ?

ताई, पहिलं सांगतो ते तुमच्या भावाला आवडणार नाही. दोघांना पुरेल असं एक मशीन येत नाही. तुमचं काम वेगळं, त्याचं वेगळं, आणि मधलं काहीतरी घेतलंत तर ते तुमच्यासाठी महाग आणि त्याच्यासाठी खेळणं होईल.

माझं म्हणाल तर मी तेवीस वर्षं या लाईनीत आहे. सुरुवात लालबागच्या मूर्तींच्या कारखान्यात केली, सोळाव्या वर्षी, तिथे दिवसभर कॉम्प्रेसर भकभकत असायचा आणि आम्ही पोरं मूर्तींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारायचो, मग हळूहळू अंगाचा रंग, मग पितांबराचं शेडिंग. डोळे मात्र हातानेच, ब्रशनेच, ते काम मोठ्या कारागिराचं. तेव्हाच एक गोष्ट डोक्यात बसली की गन चांगली-वाईट नंतर, आधी कपात काय ओतलंय ते बघायचं. नंतर फर्निचर पॉलिशला गेलो, आता घरांची कॉन्ट्रॅक्ट घेतो, माझ्याकडे वायरची, बिनवायरची, कॉम्प्रेसरची सगळी मशीनं आहेत आणि तरीही माझी माणसं बहुतेक दिवस रोलरच चालवतात, का ते पुढे येईलच.

आधी कॉर्डलेसचं गणित समजून घ्या कारण सगळी फसगत तिथेच होते. घरगुती स्प्रेअर, ज्याला एचव्हीएलपी म्हणतात, म्हणजे हवा भरपूर आणि दाब कमी, त्यात एक छोटा टर्बाईन असतो, व्हॅक्युम क्लीनर उलटा लावल्यासारखा, तो सतत हवा फेकतो आणि त्या हवेत रंगाचे थेंब फुटतात. एअर कॅपशी, म्हणजे हवा बाहेर पडते त्या तोंडाशी, दाब १० पीएसआयच्या आत असतो, पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप. जुन्या कॉम्प्रेसर गनला ४०-५० पीएसआय लागायचे आणि अर्ध्याहून जास्त रंग हवेतच उडून जायचा, त्यामानाने एचव्हीएलपी फार बरं, चांगल्या गनने चांगल्या हाताने मारलं तर निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसायला हवा अशी अपेक्षा असते. पण हवा फेकायला ताकद लागते हो. वायरचं साधं घरगुती मशीन ४००-५०० वॉट खातं, काही त्याहून जास्त. आता १८ व्होल्टची ४ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-अवर. कॉर्डलेस मशीनने नुसते ३०० वॉट घेतले तरी ७२ भागिले ३०० म्हणजे तासाचा पाव भागसुद्धा नाही, १४ मिनिटं आणि काही सेकंद. आणि ती बॅटरी परत भरायला तासभर तरी जाणार.

आता तुमची एक खोली धरू, १० बाय १२ ची, उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींचे ४१८ चौरस फूट, दार-खिडकी-कपाट वजा केलं तर साडेतीनशे धरा. एका हाताला पावणेतीन लिटरच्या आसपास इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्याचा रंग, त्यात पाणी, थोडा उडून जाणारा, म्हणजे चार लिटर मशीनमधून जायला हवा. कप असतो ८०० मिलीचा, म्हणजे पाचदा भरायचा. आणि घट्टसर रंग मिनिटाला अडीचशे मिली गेला तरी नशीब, डब्यावर ७००-८०० लिहिलेलं असतं ते पाण्यासारख्या पातळ मालाचं. चार लिटरला सोळा मिनिटं नुसता ट्रिगर दाबून, म्हणजे एका खोलीच्या एका हातातच एक बॅटरी संपून दुसरी लागली. दोन हात, दोन खोल्या, किचन, सीलिंग, करा हिशोब.

आणि मुख्य म्हणजे तुम्हाला कॉर्डलेस हवंय कशाला? वन बीएचकेत कुठल्याही कोपऱ्यातून प्लग पंधरा फुटांवर असतोच. एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला की झालं. त्याच पैशात, कधीकधी कमी पैशात, वायरचं मशीन जास्त ताकदीचं मिळतं आणि बॅटरी दोन वर्षांनी मरण्याची भीती नाही. माझ्या मते मुंबईतल्या फ्लॅटसाठी कॉर्डलेस एचव्हीएलपी घ्यायचं कारण एकच, तुमच्याकडे त्याच कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल आधीपासून आहे, बॅटऱ्या पडून आहेत, आणि नुसतं मशीन घ्यायचंय. किंवा मग गावाला घर आहे, कोकणात वगैरे, जिथे गेटपर्यंत वायर जात नाही आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे मात्र कॉर्डलेससारखं सुख नाही, मी स्वतः गावच्या घराचं फाटक आणि झोपाळा तसाच मारला.

भिंतींचं आता बोलूनच टाकतो. भिंती स्प्रेने मारू नका. तुम्ही राहत्या घरात आहात, फ्रीज, टीव्ही, पंखे, स्विचबोर्ड, देवघर, लाद्या, सगळं प्लास्टिक आणि मास्किंग टेपने झाकायला अर्धा दिवस जाईल आणि रोलरने तेवढ्या वेळात एक खोली एक हात होऊन जाते. दुसरं कारण लोक सांगत नाहीत. मुंबईत पावसाळ्यात कुठेतरी ओल येणारच, बाथरूमच्या मागची भिंत म्हणा, खिडकीखालचा कोपरा म्हणा, मग खरवडून, पुट्टी भरून पॅच मारायला लागतो. स्प्रेने मारलेल्या भिंतीचा पोत एकदम सपाट असतो, रोलरचा बारीक दाणेदार, त्यामुळे त्या सपाट भिंतीवर रोलरचा पॅच मारलात की संध्याकाळी ट्यूबलाईट लावल्यावर ठिगळ लांबून दिसतं, रंग तोच, डबा तोच, तरी दिसतं. रोलरच्या भिंतीवर रोलरचा पॅच जिरून जातो. आणि स्प्रे खड्डे झाकत नाही हेही सांगतो, लोकांना वाटतं मशीनने मारलं की गुळगुळीत होणार, उलट पुट्टी, ज्याला आमचे जुने मिस्त्री लांबी म्हणायचे, ती जिथे नीट घासलेली नसेल तिथे सगळं चमकून वर येतं.

ग्रील तरी स्प्रेने सोपी जाईल असं वाटत असेल तर तेही उलटं आहे. जाहिरातीत सगळ्यात आधी ग्रील दाखवतात कारण ब्रशने ग्रील मारणं कंटाळवाणं, ते खरंच आहे. पण ग्रील म्हणजे काय, पाऊण इंचाची पट्टी आणि मध्ये चार इंचाची हवा. पंख्यासारखा पसरलेला फवारा त्यावर मारलात की थोडाच पट्टीवर बसतो, बाकी सगळा बाहेर. माझी गोष्ट ऐका, प्रभादेवीला नवव्या मजल्यावर बसवलेल्या ग्रीलला ऑइल पेंट मारत होतो, नवीन मशीन, हौस, दुपारी समुद्राचा वारा सुटला, मला वरून काहीच कळलं नाही, संध्याकाळी वॉचमन बोलवायला आला. खाली पोडियमवर दोन गाड्या, एक पांढरी, एक करडी, दोन्हीवर बारीक काळे ठिपके, हात फिरवला की खरखर लागत होतं. इमल्शनचा थेंब एवढ्या उंचीवरून पडेपर्यंत बराचसा हवेतच वाळतो, भुकटीसारखा पडतो, फडक्याने जातो. ऑइल पेंट हळू वाळतो, तो ओलाच खाली पोचतो आणि चिकटून बसतो. दोन दिवस क्ले बारने, म्हणजे गाडीचा पत्रा साफ करायच्या चिकणमातीसारख्या वडीने, घासून घासून काढले, वर पॉलिश करून दिलं, त्या कामात कमावलं ते सगळं तिथेच गेलं. चूक माझीच होती, मागे पुठ्ठा धरायला माणूस ठेवला नव्हता. तेव्हापासून बसवलेली ग्रील ब्रशने किंवा छोट्या रोलरनेच. ग्रील काढून जमिनीवर आडवी ठेवता येत असेल, सेफ्टी डोअर बिजागरीतून निघत असेल, मागे पुठ्ठा लावून गच्चीवर किंवा पॅसेजच्या टोकाला, सेक्रेटरींना विचारून, तर स्प्रे करा, मस्त होतं.

मग स्प्रेचं खरं काम तुमच्या यादीतलं कुठलं, तर लोखंडी कपाट, वेताची खुर्ची आणि दरवाजे. कपाट म्हणजे मोठा सपाट पत्रा, ब्रशने मारलंत तर रेषा राहतात, स्प्रेने कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. वेताच्या खुर्चीला तर ब्रश हे शिक्षाच आहे, विणीत शिरत नाही आणि शिरला तर गुठळी होऊन बसतो. लूव्हरचे दरवाजे, चपलांचं स्टँड, मुलांचा पलंग, जुनं शिवणाच्या मशीनचं टेबल, असल्या वस्तूंना घरगुती एचव्हीएलपी एकदम योग्य, आणि असली कामं एका बॅटरीत होतातही.

पण इथे एक गोष्ट आहे जी मी दहा जणांना सांगितली तरी अकरावा तीच चूक करतो. कपाटाला तुम्ही काय मारणार? दुकानदार म्हणेल ड्युको मारा, म्हणजे गाड्यांना मारायचे तो झटपट वाळणारा रंग, आणि पातळ करायला एनसी थिनर टाका. थांबा. या हातातल्या मशीनच्या आत मोटर असते, तिच्यात ठिणगी पडू शकते, आणि एनसी थिनरची वाफ आपल्या नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच काय, फ्रीजमधल्या तापमानालाही पेट घेऊ शकते, त्यात टोल्युइन असतं त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो, ४ अंश, ॲसिटोन असेल तर शून्याच्या कितीतरी खाली. साध्या टर्पेंटाईनचा ३८-४०च्या आसपास. बहुतेक हँडहेल्ड मशीनच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की अमुक फ्लॅश पॉइंटच्या खालचा माल यात घालू नका, कुणी २१ अंश लिहितं, कुणी ३८, कुणी ५५. हा आकडा मॅन्युअलमध्ये नसेल तर ते मशीन फक्त पाण्याच्या रंगासाठी आहे असं समजायचं. कॉम्प्रेसरच्या गनला ही भानगड नाही कारण मोटर लांब बाहेर असते, गनमध्ये नुसती हवा येते, म्हणून पॉलिशवाले, ड्युकोवाले, ओशिवऱ्याच्या फर्निचरवाल्यांची माणसं अजून कॉम्प्रेसरच चालवतात, ती काही अडाणी नाहीत. तुम्ही कपाटाला पाण्याने पातळ होणारं इनॅमल घ्या, आता चांगली मिळतात, आधी गंज घासून मेटल प्रायमर द्या, वास कमी, आगीची भीती नाही, मशीन धुवायला नळ पुरतो.

पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचं, तर नावच काढू नका घरी. दोन डब्यांचं जे येतं, त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो, आणि त्याला कापडी मास्क किंवा ते निळं पातळ सर्जिकल मास्क काही कामाचं नाही. साध्या पाण्याच्या रंगालाही निदान एन-९५ लावा, टर्पेंटाईनचं काही मारणार असाल तर कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर. जुन्या चाळीतलं किंवा तीस-चाळीस वर्षांचं दार असेल तर कोरडं घासू नका, पाणी लावून वॉटर पेपरने घासा, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर शिसं नको असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या थरांचं कुणी सांगावं. घरात लहान मूल असेल तर ते घासणं बाहेरच.

आता त्या सेलच्या मशीनकडे येऊ. ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ हे आकडे व्होल्ट नव्हेत, ती नुसती सजावट आहे. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पाच सेल ओळीत जोडले की १८, पूर्ण भरल्यावर तेच २०-२१ दाखवतात, म्हणून एक कंपनी १८ म्हणते, दुसरी २० मॅक्स, तिसरी २१, आत सगळीकडे तेच पाच. दहा सेल असतात तेव्हा पाच-पाचच्या दोन ओळी, व्होल्ट तेवढेच, टिकतं दुप्पट. हे तपासायला माझी एक घरगुती युक्ती आहे, बॅटरी किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. नेहमीचा १८६५० आकाराचा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. दहा सेलवाली बॅटरी डब्यासकट सहाशे ग्रॅमच्या घरात जाते, पाचवाली साडेतीनशे. वर ६ अँपिअर लिहिलंय आणि काट्यावर ३३० ग्रॅम भरली की समजायचं, आत पाच सेल आणि प्रत्येक फार तर तीनचा. मी परवाच एकाची अशी मोजून दिली, माणूस काट्याकडे बघतच राहिला, त्याने दोन बॅटऱ्या मिळून बारा अँपिअर धरून गणित केलं होतं. अशा मशीनला बॅटरीचा खाचा बहुतेक मकिटा कंपनीच्या मशीनसारखा असतो, त्यामुळे बदली बॅटरी बाजारात मिळते तेवढं बरं, पण नोजल, नीडल (नोजलच्या आतली सुई) आणि कप मिळतो का ते आधी विचारा. कप पडून फुटतोच, आज ना उद्या, आणि कपासाठी अख्खं मशीन भंगारात गेलेलं मी बघितलंय.

नोजल चार असोत नाहीतर सहा, तुम्हाला दोनच लागतात. पातळ माल, वॉर्निश, इनॅमल, त्याला दीड ते १.८ मिमी. इमल्शन, प्रायमर यांना अडीच ते ३ मिमी. मशीनच्या डब्यावर मोठ्यात मोठं नोजल २ मिमीचं असेल तर भिंतीचा रंग विसराच. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक घाबरतात की एचव्हीएलपीतून इमल्शन जातच नाही, तर आपल्याकडे फरक असा की बऱ्याच इमल्शनमध्ये ब्रशने मारतानाही ४० टक्क्यांच्या आसपास पाणी घालायचं डब्यावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे आपला रंग तसा जातो. पण अंदाजाने पाणी ओतू नका. बी-४ कप म्हणून मिळतो, खाली बारीक भोक असलेला छोटा कप, भोकावर बोट धरून त्यात रंग काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. इनॅमल वीस-पंचवीस सेकंदांत आलं की फवारा नीट फुटतो. चाळीस लागले तर अजून पातळ करायचं, बारा-पंधरात संपलं तर दारावरून ओघळ येणार, नक्की. आणि कपात ओतण्याआधी गाळून घ्या, आम्ही जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा वापरतो, नवीन डबा असला तरी गाळायचं, सायीचा एक कण अडकला की नोजल थुंकायला लागतं.

भिंतीवर किंवा दारावर जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर मारून बघा, आडवा एक पट्टा, आठ इंचावरून. पट्टा सगळीकडे सारखा ओला दिसला, कडा धुरकट विरत गेल्या तर बरोबर. मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना फिका, किंवा थेंब मोठे पडले, तर रंग घट्ट आहे किंवा बॅटरी उतरलीये, हो, बॅटरी उतरायला लागली की काही मशीनची हवा मंदावते आणि रंग नीट फुटत नाही, मग फवाऱ्याचे थेंब मोठे पडतात आणि दाराच्या शेवटच्या फुटावर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. त्यामुळे एखादं दार अर्धवट असताना बॅटरीच्या दिव्यांतली एकच दांडी उरली असेल तर हिंमत करू नका, भरलेली लावा. हात मनगटातून गोल फिरवायचा नाही, आख्खा हात सरळ सरकवायचा, ट्रिगर दाराच्या कडेच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या अर्ध्यावर चढला पाहिजे. आणि कपातली ती वाकडी नळी, जमिनीकडे मारताना तिचं तोंड पुढे, वर मारताना मागे, ही एवढीशी गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग कपात अर्धा रंग असून मशीन हवा ओढत बसतं.

वजनही धरून बघा. मशीन दीड किलो, बॅटरी सहाशे ग्रॅम, कप भरून किलोभर, तीन किलो हातात धरून खांद्याच्या वर पाच मिनिटं मारायचं. दुकानात सगळे रिकामं मशीन उचलतात आणि म्हणतात हलकं आहे.

आता भाऊ. त्याला विचारायचं की तुझी कामं कसली. राहती घरं असतील तर चांगला रोलर, लांब दांडी, चांगली टेप आणि धूळ ओढणारं सँडिंग मशीन यात पैसे घाल, स्प्रेअर नंतर. रिकामे नवे फ्लॅट, ऑफिस, गाळे, सीलिंग मिळत असतील तर त्याला एअरलेस हवं, आणि ते वायरचंच, जमिनीवर उभं राहणारं, बादलीतून थेट ओढणारं. एअरलेसमध्ये हवा नसतेच, पंप रंगालाच दोन-तीन हजार पीएसआयने एवढ्याशा भोकातून ढकलतो, गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतात त्यावरून अंदाज घ्या. एक जण मारत जातो आणि मागून दुसरा ओल्यावरच रोलर फिरवतो, म्हणजे रंग भिंतीत बसतो आणि मघाचा पॅचचा प्रश्नही बराचसा सुटतो.

हेच एअरलेस हातात धरायचं बॅटरीवरही येतं, ग्रॅकोसारख्या कंपन्या बनवतात, आणि कॉर्डलेसमध्ये धंद्याच्या लायकीचं मी तेच मानतो. कारण परत तेच गणित, बॅटरी हवा फेकण्यात वाया जात नाही, नुसता रंग ढकलते, त्यामुळे एका चार्जमध्ये काम कितीतरी जास्त निघतं. किंमत मात्र सेलच्या मशीनच्या काही पटींनी. आमच्याकडे ते दुसरं मशीन म्हणून आहे, नव्या बिल्डिंगमध्ये मजल्यावर लाईटच आलेली नसते तेव्हा, जिन्याच्या रेलिंगला, दाराच्या चौकटींना. पहिलं मशीन म्हणून नको. त्यातही साधं मॉडेल पाण्याच्या आणि टर्पेंटाईनच्या मालासाठी असतं, पेट घेणाऱ्या थिनरसाठी वेगळं मॉडेल येतं, घेताना हे तोंडी नाही, मॅन्युअलमध्ये बोट ठेवून बघायचं.

त्याला टिपचे, म्हणजे एअरलेसच्या नोजलचे, नंबरही वाचायला शिक म्हणावं. ५१७ असेल तर पहिला आकडा दुप्पट करायचा, फूटभर अंतरावरून दहा इंचाचा पट्टा पडतो, आणि १७ म्हणजे भोक एक इंचाच्या हजार भागांतले सतरा. भिंतीला ५१७ चालतं, दारा-चौकटीला ३११-३१२. टिप झिजते, पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त जातो, तरी लोक वर्षभर एकच वापरतात आणि म्हणतात मशीन रंग खातंय.

आणि एक गोष्ट भावाला समोर बसवून सांगा. एअरलेसच्या टिपसमोर बोट कधीच नाही, अडकलंय म्हणून पुसायलाही नाही, आधी दाब सोडायचा, बॅटरी काढायची. तो फवारा कातडीच्या आत रंग घुसवतो, वरून फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, माणूस म्हणतो काही नाही झालं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर पट्टी बांधून घरी जायचं नाही, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात, ‘हाय प्रेशर इंजेक्शन’ असं स्पष्ट सांगायचं आणि रंगाचा डबा सोबत न्यायचा.

पावसाळ्याचंही बघा. गणपती भाद्रपदात, म्हणजे तुम्ही काम श्रावणात करणार, हवेत ओल भरलेली. पाण्याचं इनॅमल अशा हवेत वाळायला दुप्पट वेळ घेतं, दोन हातांमध्ये डब्यावर चार तास लिहिलेत तर रात्र जाऊ द्या. मेलामाइन किंवा लॅकर, म्हणजे लाकडाचं पॉलिश, असल्या दिवसात मारलं तर धुरकट पांढरं पडतं, दाराचं पॉलिश करायचं असेल तर ते दिवाळीला ढकला. कपाट आणि खुर्ची आत्ता होईल, पंखा लावून, पण पंख्याचा झोत ओल्या रंगावर सरळ नको, धूळ बसते.

काम झालं की धुणं. पाच-दहा मिनिटांचं असतं पण त्याच मिनिटाला, जेवून आल्यावर नाही. कपात स्वच्छ पाणी, फवारा पाण्यासारखा येईपर्यंत, मग एअर कॅप, नोजल, नीडल सुटं करून जुन्या टूथब्रशने. टाचणीने भोक कोरायचं नाही, एक ओरखडा पडला की पट्टा कायमचा तिरका. रबरी रिंगांना व्हॅसलीनचं बोट.

तर ताई, तुमच्यासाठी वायरचं घरगुती एचव्हीएलपी, नोजल १.८ आणि अडीचच्या पुढचं, बिल जीएसटीचं, आणि सुटे भाग देणारं दुकान मुंबईत असलेलं. घरी १८ व्होल्टचं चांगल्या कंपनीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीचं कॉर्डलेस. भिंतींना रोलर. भावाला वेगळं, आणि त्याचं निदान पहिले काही महिने भाड्याने, दिवसाच्या हिशोबाने एअरलेस मिळतं, दोन-तीन साईट मारून बघू दे आणि मग ठरवू दे. ऑनलाईन बटण दाबायच्या आधी दोघं एकदा नागदेवी स्ट्रीटला जाऊन या, मस्जिद स्टेशनवरून चालत आहे, तिथे मशीन हातात घेऊन, कपात पाणी भरून चालवून दाखवतात. जाताना तुम्ही ठरवलेल्या इनॅमलचा छोटा डबा आणि चार वर्तमानपत्रं पिशवीत घ्या, पाण्यावर सगळीच मशीनं छान चालतात, तुमचा रंग घालून पट्टा मारू देतो तोच दुकानदार धरा. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात.